वायएमसीए : एका नावाची जडणघडण

‘वायएमसीए’ ही चार आद्याक्षरे मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या शहरांत एखाद्या वसतिगृहाच्या, व्यायामशाळेच्या किंवा बास्केटबॉलच्या मैदानाच्या पाटीवर वाचायला मिळतात आणि बोलण्यातही ती जशीच्या तशी रुळली आहेत; त्यामुळे ती ‘यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशन’ या पूर्ण नावाचा संक्षेप आहे, याचे भान क्वचितच राहते. तरुण पुरुषांनी उभारलेला ख्रिस्ती संघ, असा त्या नावाचा सरळ अर्थ आहे. १८४४ मध्ये लंडनमध्ये हे नाव ठरले, तेव्हा त्यातील प्रत्येक शब्दाने एकेक मर्यादा आखून दिली होती : सभासद कोण असावेत, त्यांना बांधणारे सूत्र कोणते असावे आणि त्यांच्या एकत्र येण्याचे स्वरूप काय असावे. पुढील पावणेदोनशे वर्षांत पहिल्या दोन मर्यादा सैल होत गेल्या आणि काही देशांत पुसल्याही गेल्या. तिसऱ्या शब्दाने सांगितलेली रीत मात्र टिकून राहिली, इतकेच नव्हे तर ख्रिस्ती नसलेल्या अनेक समाजांनीही तीच उचलली. या नावाचा उगम आणि त्याचा पुढचा प्रवास पाहिला, म्हणजे संस्थेच्या कार्यातील सर्वांत दूरगामी भाग कोणता ठरला, हेही कळून येते.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमधील खेड्यांतून आणि लहान गावांतून तरुणांचा ओघ औद्योगिक शहरांकडे लागला होता. १८५१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समधील निम्म्याहून अधिक लोक शहरांत राहत असल्याचे प्रथमच आढळले आणि त्या वेळी एकट्या लंडनची वस्ती तेवीस लाखांच्या पुढे गेली होती. कारखान्यांतील मजुरांच्या हालअपेष्टांवर संसदेत आणि वृत्तपत्रांत चर्चा होत असे. परंतु मोठ्या कापड दुकानांत काम करणाऱ्या गुमास्त्यांकडे तुलनेने कमी लक्ष गेले होते. हे गुमास्ते बहुधा पंधरा-सोळाव्या वर्षी घर सोडून आलेले असत. त्यांचे दुकानातील काम दिवसाला चौदा तासांपर्यंत चाले, आणि रात्री त्यांना त्याच दुकानाच्या वरच्या मजल्यांवरील सामाईक खोल्यांत झोपावे लागे. मालकाकडेच जेवण आणि निवारा असलेल्या या व्यवस्थेत गुमास्त्याला स्वतःचे घर नसे, लग्न करण्याइतके स्थैर्य नसे, आणि दुकान बंद झाल्यावर गुत्ता किंवा रस्ता यांखेरीज जाण्यासारखी जागाही फारशी नसे. दुकाने लवकर बंद व्हावीत यासाठी लंडनमधील कापड व्यवसायात १८४२ पासून संघटित प्रयत्न सुरू झाले होते. नव्याने मिळणारी संध्याकाळ तरुणांनी कशी घालवावी, हा प्रश्न त्यामुळे मालक आणि धर्मोपदेशक या दोघांनाही पडू लागला होता.

सॉमरसेट परगण्यातील डल्व्हर्टनजवळच्या एका शेतकरी कुटुंबात ११ ऑक्टोबर १८२१ रोजी जन्मलेला जॉर्ज विल्यम्स याच ओघातून लंडनला आला. ब्रिजवॉटर या गावी कापड दुकानात उमेदवारी करीत असताना तो काँग्रिगेशनल पंथाच्या, म्हणजे प्रत्येक स्थानिक मंडळीने आपला कारभार स्वतः पाहावा असे मानणाऱ्या प्रॉटेस्टंट पंथाच्या प्रभावाखाली आला होता. १८४१ मध्ये तो सेंट पॉल्स कॅथेड्रलला लागून असलेल्या ‘हिचकॉक अँड रॉजर्स’ या मोठ्या कापड दुकानात गुमास्ता म्हणून रुजू झाला आणि तेथील सोबत्यांपैकी मोजक्या समविचारी तरुणांना घेऊन झोपण्याच्या खोलीतच प्रार्थना आणि बायबलवाचन सुरू केले. सहभागी होणाऱ्यांची संख्या वाढत गेली, दुकानाचे मालक जॉर्ज हिचकॉक यांनीही पुढे या कामाला पाठबळ दिले, आणि शहरातील इतर दुकानांतही असेच गट निघावेत या विचाराने ६ जून १८४४ रोजी विल्यम्सच्या खोलीत बारा तरुणांची बैठक होऊन संस्थेची स्थापना झाली. कापड व्यवसायात आणि इतर व्यवसायांत गुंतलेल्या तरुणांची आध्यात्मिक स्थिती सुधारणे, एवढाच तिचा आरंभीचा उद्देश होता. ‘यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशन’ हे नाव सुचवण्याचे श्रेय विल्यम्सच्या खोलीतील सोबती ख्रिस्तोफर स्मिथ याला दिले जाते. संस्थापक म्हणून विल्यम्सचे नाव जगभर झाले, त्याला १८९४ मध्ये ‘सर’ ही पदवी मिळाली आणि १९०५ मध्ये मृत्यूनंतर त्याचे दफन सेंट पॉल्स कॅथेड्रलमध्ये झाले. नाव शोधून देणारा स्मिथ मात्र इतिहासाच्या तळटीपेतच राहिला.

तरुणांच्या धार्मिक संस्था त्यापूर्वीही निघाल्या होत्या. ग्लासगोमध्ये डेव्हिड नॅस्मिथ याने १८२४ मध्ये तरुणांच्या धार्मिक उन्नतीसाठी एक संस्था काढली होती आणि नंतर ब्रिटन, आयर्लंड आणि अमेरिकेत फिरून तशाच अनेक संस्थांची पेरणी केली होती. जर्मन भाषक प्रदेशांत तर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ‘युंगलिंग्सफेराइन’ म्हणजे कुमार-तरुणांची मंडळे अस्तित्वात होती. परंतु ती बहुधा एखाद्या पाळकाने, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूने, आपल्या मंडळीतील मुलांसाठी चालवलेली असत. लंडनच्या संस्थेने यांतील जुन्या घटकांचीच नवी जुळणी केली. तिचे चालक धर्मगुरू नव्हते, ती एका चर्चला जोडलेली नव्हती आणि ती ज्यांच्यासाठी होती तेच तिचे संस्थापकही होते. नावातील तिन्ही शब्द या जुळणीची नोंद करतात.

त्यांतील पहिला शब्द ‘तरुण पुरुष’ हा. आज त्यावरून केवळ वय समजते, पण त्या काळच्या इंग्रज दुकानदारीत ‘यंग मॅन’ म्हणजे दुकानातला गुमास्ता, असा व्यावसायिक अर्थही प्रचलित होता. म्हणजे ज्या तरुणांनी हे नाव घेतले, त्यांना त्यांच्या व्यवसायात रोज याच शब्दाने ओळखले जात होते. उमेदवारी संपली आहे पण धंदा किंवा संसार उभा राहिलेला नाही, अशा मधल्या अवस्थेतील हा वर्ग औद्योगिक शहराने निर्माण केला होता आणि त्याला कुटुंब, गाव किंवा जुनी व्यावसायिक श्रेणी यांपैकी कशाचाच आधार उरला नव्हता. नावात ‘कल्याण’, ‘मदत’ किंवा ‘उद्धार’ यांसारखा एकही शब्द नाही, ही गोष्टही येथे लक्षात घेण्याजोगी आहे. व्हिक्टोरियाकालीन इंग्लंडमध्ये गरिबांसाठी, अनाथांसाठी आणि व्यसनाधीनांसाठी असंख्य परोपकारी संस्था होत्या, आणि त्यांच्या नावांत देणारा आणि घेणारा यांच्यातील अंतर उघड दिसे. गुमास्त्यांच्या संस्थेच्या नावात असे अंतर नव्हते, कारण तेथे देणारे आणि घेणारे एकाच खोलीत राहत होते. युवककल्याण संस्था ही तिची ओळख नंतरच्या कार्यामुळे तयार झाली.

दुसरा शब्द ‘ख्रिश्चन’ हा एकाच वेळी व्यापक आणि अरुंद होता. व्यापक अशा अर्थाने की, पहिल्या सभासदांत चर्च ऑफ इंग्लंड या राजमान्य चर्चचे अनुयायी होते, तसेच त्या चर्चपासून फुटून निघालेल्या काँग्रिगेशनल, बॅप्टिस्ट आणि मेथडिस्ट पंथांचेही होते. विद्यापीठप्रवेश, विवाहनोंदणी, चर्चसाठीचा कर अशा अनेक बाबतींत राजमान्य चर्च आणि इतर पंथ यांच्यात त्या काळी तीव्र वाद होते. अशा वेळी कोणत्याही पंथाचे नाव न घेता केवळ ‘ख्रिस्ती’ एवढाच शब्द स्वीकारणे ही जाणीवपूर्वक घेतलेली भूमिका होती. त्याच वेळी तो शब्द अरुंदही होता, कारण सभासदत्वासाठी एखाद्या चर्चचे सभासदत्व किंवा अंतःकरण पालटल्याचा पुरेसा पुरावा मागितला जाई. हा निकष इव्हँजेलिकल विचारांतून आलेला होता; या विचारसरणीत बायबलचा अधिकार, येशूच्या बलिदानावरील विश्वास आणि प्रत्येक व्यक्तीचे स्वतःचे हृदयपरिवर्तन यांवर भर असतो. जन्माने ख्रिस्ती असणे या निकषाने पुरेसे ठरत नव्हते आणि रोमन कॅथलिक व युनिटेरियन यांना तर या व्याख्येत जागाच नव्हती.

तिसऱ्या ‘असोसिएशन’ या शब्दाची निवड सर्वांत महत्त्वाची ठरली. ‘चर्च’ म्हटले की संस्कारविधी, दीक्षित धर्मगुरू आणि त्यांची अधिकारपरंपरा आली. ‘मिशन’ म्हटले की धर्म सांगणारा आणि तो ऐकणारा असे दोन पक्ष आले. ‘असोसिएशन’ या शब्दाने मात्र समान पातळीवरील व्यक्तींनी आपखुशीने एकत्र येणे, वर्गणी भरणे, नियम ठरवणे, कार्यकारी मंडळ निवडणे आणि सभेत हिशेब मांडणे ही सर्व पद्धत सूचित केली. विसाव्या वर्षाच्या आसपासच्या, मताधिकार नसलेल्या गुमास्त्यांना अशा मंडळात ठराव मांडण्याचा, मत देण्याचा आणि सार्वजनिक काम चालवण्याचा अनुभव मिळे. हा शब्द त्या काळाच्या सार्वजनिक जीवनाचाच शब्द होता आणि तो लवकरच मुंबईतही पोहोचला. जगन्नाथ शंकरशेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८५२ मध्ये स्थापन केलेल्या राजकीय संस्थेचे नाव ‘बॉम्बे असोसिएशन’ असे होते, आणि त्याआधी चार वर्षे एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थ्यांनी काढलेल्या सभेच्या मराठी आणि गुजराती शाखांनी ‘ज्ञानप्रसारक मंडळी’ हे नाव घेतले होते. लंडनच्या गुमास्त्यांशी या घडामोडींचा थेट संबंध नव्हता. तथापि वंश, जात किंवा पंथ यांवरून आपोआप मिळणाऱ्या सभासदत्वाऐवजी व्यक्तीने निवडलेले सभासदत्व ही कल्पना एकाच दशकात दोन्ही शहरांत कशी रुजत होती, हे या नावांवरून दिसून येते.

संस्थेचा प्रसार झपाट्याने झाला. १८५१ पर्यंत ब्रिटनमध्ये तिच्या २४ शाखा आणि सुमारे २,७०० सभासद झाले, आणि कारखाना कायद्यांचे पुरस्कर्ते म्हणून प्रसिद्ध असलेल्या लॉर्ड शाफ्ट्सबरी यांनी त्याच वर्षी तिचे अध्यक्षपद स्वीकारले. १८४५ पासून लंडनमध्ये सुरू झालेल्या आणि पुढे वीस वर्षे चाललेल्या वार्षिक व्याख्यानमालेत धर्माबरोबर विज्ञान, इतिहास आणि साहित्य हेही विषय येऊ लागले, आणि अशा रीतीने बौद्धिक उन्नती हा हेतू मूळ हेतूला जोडला गेला. १८५१ च्या लंडन येथील औद्योगिक महाप्रदर्शनामुळे परदेशी पाहुण्यांना या संस्थेची ओळख झाली; वर्षअखेरीस मॉन्ट्रिऑल आणि बोस्टन येथे शाखा निघाल्या, त्यांपैकी बोस्टनच्या स्थापनेमागे टॉमस सलिव्हन या निवृत्त जहाज-कप्तानाचा पुढाकार होता. बोस्टनच्या शाखेने सभासदत्वाचे दोन प्रकार पाडले : इव्हँजेलिकल चर्चचे अनुयायी हे मताधिकार असलेले सक्रिय सभासद, आणि चांगल्या चारित्र्याचा कोणताही तरुण हा मताधिकार नसलेला सहसभासद. ‘ख्रिश्चन’ या शब्दाची अट न सोडता दार किलकिले ठेवण्याची ही युक्ती पुढे जगभर, आणि भारतात विशेषकरून, उपयोगी पडली. वंशाबाबत नाव मूक होते, व्यवहार मात्र मूक नव्हता. एकेकाळी गुलामगिरीत राहिलेल्या अँथनी बोवेन यांनी १८५३ मध्ये वॉशिंग्टन येथे कृष्णवर्णीय अमेरिकनांची पहिली शाखा स्थापन केली आणि अमेरिकेतील शाखांमधील वर्णविभागणी संपवण्याचा ठराव राष्ट्रीय परिषदेत यायला १९४६ साल उजाडावे लागले.

युरोपात जिनिव्हा येथे १८५२ मध्ये निघालेल्या शाखेचा एक संस्थापक आणि पत्रव्यवहार सांभाळणारा चिटणीस होता आंरी द्युनां, जो पुढे रेड क्रॉसचा जनक आणि १९०१ मधील शांततेच्या पहिल्या नोबेल पारितोषिकाचा एक मानकरी म्हणून ओळखला गेला. वेगवेगळ्या देशांतील शाखांनी एकमेकांशी संपर्क ठेवावा आणि एकत्र भेटावे, या त्याच्या आग्रहाचा १८५५ च्या ऑगस्टमध्ये पॅरिस येथे भरलेल्या पहिल्या जागतिक परिषदेमागे मोठा वाटा होता. नऊ देशांतील ९९ प्रतिनिधींनी तेथे मान्य केलेले मूलसूत्र ‘पॅरिस बेसिस’ म्हणून ओळखले जाते आणि एका परीने ते संस्थेच्या नावाची अधिकृत व्याख्याच आहे. येशू ख्रिस्ताला देव आणि तारणारा मानून त्याचे शिष्य होऊ इच्छिणाऱ्या तरुणांना एकत्र आणणे आणि त्याच्या राज्याच्या विस्तारासाठी त्यांचे प्रयत्न एकवटणे, हा त्याचा आशय. त्यात कोणत्याही पंथाचे नाव नाही, आणि इतर विषयांवरील मतभेदांमुळे शाखांमधील स्नेहसंबंध बिघडू नयेत, अशी जोडही त्याला दिलेली आहे. १८८१ मध्ये जागतिक संघटनेने स्वीकारलेल्या बोधचिन्हावर सर्वांनी एक व्हावे ही येशूची प्रार्थना ज्यात आहे, त्या योहानकृत शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायातील एकविसाव्या वचनाचा निर्देश आहे. ख्रिस्ती पंथांच्या ऐक्याची विसाव्या शतकातील चळवळ ज्या व्यक्तींनी उभारली, त्यांपैकी अनेकांची सार्वजनिक कामाची शाळा हीच संस्था होती. १९४६ मध्ये शांततेचे नोबेल पारितोषिक विभागून मिळालेले जॉन मॉट हे त्यांतील सर्वांत ठळक नाव.

अमेरिकेत नावाचा अर्थ आणखी एका दिशेने वाढला. न्यू यॉर्कच्या शाखेने १८६६ मध्ये आपल्या उद्देशात आध्यात्मिक, बौद्धिक आणि सामाजिक उन्नतीबरोबर शारीरिक उन्नतीचाही समावेश केला, आणि व्यायामशाळा हा संस्थेच्या इमारतीचा नेहमीचा भाग होऊ लागला. स्प्रिंगफिल्ड येथील संस्थेच्या प्रशिक्षण विद्यालयातील ल्यूथर ग्युलिक यांनी १८९१ मध्ये आत्मा, मन आणि शरीर या तीन बाजू दाखवणारा त्रिकोण हे चिन्ह मांडले. त्याच विद्यालयात त्या वर्षाच्या डिसेंबरात जेम्स नेस्मिथ यांनी हिवाळ्यात बंदिस्त जागेत खेळता येईल असा बास्केटबॉलचा खेळ तयार केला, आणि १८९५ मध्ये हॉलिओक येथील शाखेत विल्यम मॉर्गन यांनी व्हॉलीबॉलची रचना केली. नावात शरीराचा उल्लेख कोठेही नसताना पुढे कोट्यवधी लोकांनी संस्थेला खेळांमुळेच ओळखले. शरीर हे आत्म्याचे वैरी नसून त्याच्या वाढीचे साधन आहे, ही त्यामागची धारणा सुरुवातीच्या गंभीर प्रवृत्तीच्या अनेक इव्हँजेलिकल सभासदांना सहज पटणारी नव्हती.

इतर भाषांत नाव नेताना प्रत्येक समाजाला स्वतःच्या शब्दसंग्रहातून निवड करावी लागली आणि तिचे परिणाम कधी कधी संस्थेच्या बाहेरही पसरले. फ्रेंचमध्ये ‘तरुणांचा ख्रिस्ती संघ’ अशा अर्थाचे नाव आले. जर्मनीत जुन्या कुमारमंडळांच्या परंपरेशेजारी १८८३ मध्ये बर्लिन येथे इंग्रजी धर्तीचे नवे नाव घेणारी शाखा निघाली. जपानमध्ये १८८० मध्ये तोक्यो येथे शाखा स्थापन झाली, तेव्हा कोझाकी हिरोमिची यांनी ‘यंग मेन’ यासाठी ‘सेइनेन’ हा शब्द योजला, आणि नव्या, सुशिक्षित, राष्ट्राच्या भवितव्याचा विचार करणाऱ्या युवकासाठी तो शब्द मेइजीकालीन जपानी लेखनात सर्वत्र रूढ झाला. हीच चिन्हे चिनी भाषेत ‘छिंगन्येन’ अशी उच्चारली जातात आणि तेथील संस्थेच्या नावातही ती आहेत. चन तू-श्यू यांनी १९१५ मध्ये शांघायमध्ये ‘युवक’ या अर्थाच्या नावाने मासिक सुरू केले, तेव्हा शांघायच्या वायएमसीएने आपल्या मासिकाशी होणाऱ्या नामसाम्याबद्दल हरकत घेतली आणि पुढच्या वर्षी त्याचे नाव ‘नवयुवक’ असे बदलण्यात आले. चीनमधील नवविचारी बुद्धिवंतांची एक संपूर्ण पिढी ज्या मासिकाने घडवली, त्याच्या प्रसिद्ध नावातील ‘नव’ हा शब्द अशा व्यावहारिक कारणाने आला होता.

नावातील ‘मेन’ या शब्दामुळे स्त्रिया बाहेर राहिल्या आणि त्यातून समांतर संस्था जन्माला आली. १८५५ मध्ये इंग्लंडमध्ये दोन स्वतंत्र प्रयत्न झाले : एमा रॉबर्ट्स यांनी स्त्रियांचा प्रार्थनागट सुरू केला, तर मेरी जेन किनेर्ड यांनी क्रिमियाच्या युद्धासाठी जाणाऱ्या परिचारिकांकरिता आणि शहरात कामासाठी येणाऱ्या मुलींकरिता निवासगृह काढले. १८७७ मध्ये दोन्ही प्रवाह ‘यंग विमेन्स ख्रिश्चन असोसिएशन’ या नावाखाली एक झाले. येथे पहिल्या नावाचा साचा एक शब्द बदलून वापरलेला दिसतो. मात्र ही संस्था वायएमसीएची शाखा नव्हती. तिचे नेतृत्व, निधी आणि धोरण स्त्रियांच्या हाती होते आणि स्त्रियांची मजुरी, निवास आणि कामाच्या अटी या प्रश्नांकडे तिने स्वतंत्रपणे लक्ष दिले.

भारतात कलकत्त्यात १८५० च्या दशकात आणि त्रिवेंद्रममध्ये १८७३ मध्ये झालेल्या प्रयत्नांनंतर मुंबईत १८७५ मध्ये वायएमसीएची शाखा स्थापन झाली. स्त्रियांच्या संस्थेचा भारतातील आरंभही त्याच वर्षी मुंबईतच झाला. संघटित देशव्यापी काम मात्र अमेरिकेतून मद्रासला आलेल्या डेव्हिड मकॉनही यांच्या कारकिर्दीत उभे राहिले आणि १८९१ मध्ये मद्रास येथे राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. ज्या देशात ख्रिस्ती लोकसंख्या अल्प होती आणि कॉलेजात शिकणारे बहुसंख्य तरुण हिंदू, पारशी किंवा मुसलमान होते, तेथे नावातील मधला शब्द अडसर ठरण्याची भीती होती. बोस्टनमध्ये रुळलेली सहसभासदत्वाची तरतूद येथे कामी आली. वाचनालय, वसतिगृह, व्याख्याने आणि खेळ यांसाठी इतर धर्मांचे तरुण मोठ्या संख्येने येत राहिले, मात्र कारभारातील मताधिकार सक्रिय ख्रिस्ती सभासदांकडेच राहिला. धर्मप्रसार हा या सेवेमागचा अंतिम हेतू आहे काय, हा प्रश्न भारतीय टीकाकारांनी वारंवार विचारला आणि संस्थेच्या भारतीय चालकांनाही तो टाळता आला नाही. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये आणि मराठा पलटणी जेथे लढल्या त्या मेसोपोटेमियातही संस्थेच्या कार्यकर्त्यांनी भारतीय शिपायांसाठी विश्रांतीगृहे चालवली, पत्रे लिहून दिली आणि खेळ-करमणुकीची सोय केली. परंतु भारतीय शिपायांमध्ये धर्मप्रचार करू नये, ही अट त्यांना मान्य करावी लागली होती. नावातील मधला शब्द पाटीवर राहिला आणि कामात मात्र तिसऱ्या शब्दाचेच राज्य चालले, असे या प्रसंगी प्रथमच मोठ्या प्रमाणावर घडले.

१९१६ मध्ये के. टी. पॉल हे राष्ट्रीय सरचिटणीस झाले; या पदावर आलेले ते पहिले भारतीय होत. ख्रिस्ती समाजाने राष्ट्रीय जीवनापासून अलग राहू नये, असे मानणाऱ्या पॉल यांनी ग्रामीण पुनर्रचना आणि सहकारी पतपुरवठा यांकडे संस्थेला वळवले, आणि १९३० च्या गोलमेज परिषदेत भारतीय ख्रिस्ती समाजाचे प्रतिनिधी म्हणून भाग घेताना धर्मावर आधारित स्वतंत्र मतदारसंघांना विरोध केला. १९२० मध्ये मद्रास येथे हॅरी बक यांनी संस्थेचे शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू केले, आणि देशभरच्या शाळांत शारीरिक शिक्षणाचे शिक्षक तयार होण्याची वाट मोकळी झाली.

मराठी वाचकाच्या दृष्टीने संस्थेच्या कार्याचा एक वेगळा धागा प्रकाशनाचा आहे. तिच्या प्रकाशनगृहाचे नाव नावातील तिसऱ्याच शब्दावरून ‘असोसिएशन प्रेस’ असे ठेवले होते आणि जे. एन. फर्कर यांच्या पुढाकाराने तेथून भारतीय साहित्य, धर्म आणि कला यांवरील ‘हेरिटेज ऑफ इंडिया’ ही इंग्रजी ग्रंथमाला निघाली. पुण्यात काम केलेल्या निकल मॅकनिकल या स्कॉटिश मिशनऱ्याने मराठी संतांच्या १०८ रचनांचा केलेला इंग्रजी अनुवाद याच मालेत १९१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्ञानेश्वर, मुक्ताबाई, नामदेव, जनाबाई, एकनाथ आणि तुकाराम यांच्या वाणीचा परिचय इंग्रजी वाचकांना करून देणाऱ्या आरंभीच्या महत्त्वाच्या पुस्तकांत त्याची गणना होते. हिंदू परंपरेतील उत्तम ते जाणून घ्यावे, तथापि तिची परिपूर्ती ख्रिस्ती धर्मात होते, ही फर्कर यांची भूमिका या मालेच्या पार्श्वभूमीला होती. म्हणून या प्रकाशनांत खरा आदर आणि धार्मिक हेतू दोन्ही एकत्र वावरतात आणि त्यांतील एकाकडे पाहून दुसरे नाकारता येत नाही.

या नावाची खरी शक्ती त्याच्या अनुकरणांतून दिसते. बाल्टिमोर येथे १८५४ मध्येच ज्यू तरुणांनी ‘यंग मेन्स हिब्रू असोसिएशन’ स्थापन केली. मिशनरी शाळांच्या प्रभावाला तोंड देण्यासाठी कोलंबो येथे १८९८ मध्ये ‘यंग मेन्स बुद्धिस्ट असोसिएशन’ निघाली, आणि ब्रह्मदेशात १९०६ मध्ये त्याच नावाने स्थापन झालेली संस्था तेथील राष्ट्रवादी राजकारणाचा एक आरंभबिंदू ठरली. मद्रासमध्ये ॲनी बेझंट यांनी १९१४ मध्ये ‘यंग मेन्स इंडियन असोसिएशन’ काढली, तर कैरो येथे १९२७ मध्ये तरुण मुसलमानांच्या संस्थेने हाच साचा अरबी भाषेत उतरवला. ख्रिस्ती धर्मप्रसाराला विरोध करणाऱ्यांनीच ख्रिस्ती संस्थेची रचना स्वीकारावी, यात वरवर पाहता विसंगती वाटते. परंतु वसतिगृह, वाचनालय, व्याख्यानमाला आणि क्रीडांगण ही सोय, आणि वर्गणी भरून, निवडणूक घेऊन ती चालवण्याची रीत कोणत्याही एका धर्माची मालमत्ता नव्हती, म्हणूनच प्रत्येकाला केवळ मधला शब्द बदलून ती आपलीशी करता आली.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मूळ संस्थेतही नावाचा फेरविचार झाला. १९७३ मध्ये कंपाला येथील जागतिक परिषदेने पॅरिसच्या मूलसूत्राला समान संधी आणि न्याय यांची जोड दिली. स्त्रियांना सभासदत्व देणे अनेक देशांत फार पूर्वी सुरू झाले होते; त्याला अनुसरून जर्मन संघटनेने १९८५ मध्ये ‘तरुण पुरुष’ याऐवजी ‘तरुण माणसे’ असा बदल केला. जर्मन भाषेत दोन्ही शब्दांचे आद्याक्षर एकच असल्याने परिचित संक्षेपाला धक्का लागला नाही. अमेरिकेतील राष्ट्रीय संघटनेने २०१० मध्ये लोकव्यवहारात रूढ असलेले ‘द वाय’ हेच आपले नाव म्हणून पुढे आणले, आणि त्यात ‘ख्रिश्चन’ व ‘असोसिएशन’ हे दोन्ही शब्द दृष्टीआड गेले. याउलट आशिया आणि आफ्रिकेतील अनेक शाखांना ‘ख्रिश्चन’ हा शब्द आपल्या अल्पसंख्य समाजाच्या सार्वजनिक अस्तित्वाची खूण म्हणून मोलाचा वाटतो. नाव सोडावे की राखावे, हा प्रश्न त्यामुळे श्रद्धेच्या तीव्रतेपेक्षा त्या त्या समाजातील ख्रिस्ती लोकांच्या स्थानाशी अधिक निगडित आहे.

आज सुमारे १२० देशांत असलेल्या या संस्थेचे सभासद तरुणच असतात असे नाही, पुरुषच असतात असे नाही, आणि ख्रिस्तीच असतात असेही नाही. मुंबईच्या नागपाडा भागातील मस्तान वायएमसीएच्या मैदानावर बास्केटबॉलची जी परंपरा तयार झाली, ती प्रामुख्याने मुसलमान वस्तीतील खेळाडूंनी जोपासली. १८४४ मधील सभासदत्वाच्या अटींना ही गोष्ट बसणारी नाही, पण वस्तीतील तरुणांनी एकत्र येऊन स्वतःचे मैदान राखणे आणि आपला संघ उभा करणे हे त्या वर्षीच्या नावातील अखेरच्या शब्दाला अगदी धरून आहे. सेंट पॉल्स कॅथेड्रलजवळच्या गुमास्त्यांनी धर्मासाठी जो संघ स्थापन केला, त्यातील धर्म त्यांना सर्वांत महत्त्वाचा वाटत होता. जगाने त्यांच्याकडून मुख्यतः संघ घेतला, आणि नावाच्या या इतिहासातून निघणारा निष्कर्ष हाच आहे.